मघा नक्षत्राचे वाहन

आजच्या धाग्याचा विषय : पंचांगातील प्राणी. चीनच्या बारा राशिप्राण्यांविषयी आजकाल पुष्कळ वाचायला मिळते. आपल्या घरात खुंटीला टांगलेल्या पंचांगात किती प्राणी वावरतात, याची मात्र फारशी दखल कोणी घेत नाही. त्यांचा माग काढण्यासाठी सिन्नरच्या पूर्व भागातील एका घरात जावे लागेल.

१/
मे महिना सरत आला की वावी, पांचाळे या बाजूच्या गावांत पारावर, पिठाच्या गिरणीवर, एसटीच्या थांब्यावर एकच प्रश्न कानी पडतो : यंदा मृगाचं वाहन काय? प्रश्न पावसाचा असतो. सूर्य ७-८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि तेथून स्वातीपर्यंत अकरा नक्षत्रे पावसाची मानली जातात. सूर्य प्रत्येक नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. पंचांगाप्रमाणे यांतले प्रत्येक नक्षत्र कोणत्या ना कोणत्या प्राण्यावर बसून येते, आणि त्या प्राण्यावरून पाऊस किती पडेल हे सांगितले जाते.

या भागातील एका घरात सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आहेत. घरातले सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या फडताळात जाड पुठ्ठ्याच्या वह्यांची चळत आहे. प्रत्येक पानावर चार रकाने : नक्षत्र, सूर्यप्रवेशाची तारीख, वाहन, आणि प्रत्यक्षात काय घडले.

२/
वाहन ठरवण्याची रीत साधी आहे. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे हे पाहायचे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत दोन्ही टोके धरून मोजायचे आणि आलेल्या संख्येला नऊने भागायचे. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव आणि बाकी शून्य असेल तर हत्ती.

हत्ती, म्हैस, बेडूक म्हणजे भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर म्हणजे मध्यम. कोल्हा आणि मेंढा म्हणजे ओढ. घोडा असेल तर पाऊस डोंगराळ भागात. या शेवटच्या फलाचा अर्थ सिन्नरकरांना समजावून सांगावा लागत नाही. सह्याद्रीच्या माथ्याजवळचे इगतपुरी पावसात बुडालेले असते, तेव्हा पर्जन्यछायेतील सिन्नरच्या पूर्व भागात धुळीचे लोट उठत असतात. येथील शेतकऱ्याच्या लेखी घोडा म्हणजे दुसऱ्याच्या दारी थांबलेला पाऊस.

३/
एक उदाहरण घेऊ. सूर्य मघा नक्षत्रात शिरला आणि चंद्र रेवतीत आहे. मघा दहावे नक्षत्र, रेवती सत्ताविसावे. दोन्ही धरून मोजले तर अठरा. नऊने भागल्यावर बाकी शून्य, म्हणून वाहन हत्ती. आता चंद्र पुढच्या, म्हणजे अश्विनी नक्षत्रात असता तर? एकोणीस, बाकी एक, वाहन घोडा. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस राहतो. म्हणजे एका दिवसाच्या फरकाने हत्तीचा घोडा होतो आणि भरून वाहणारा नाला कोरडा पडतो. आकाशात या दोन दिवसांत ढगांच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते.

मग ही रीत टिकली कशी? बाकी तीन उरली, हे वाक्य कोणाच्या स्मरणात राहत नाही. बेडकावर बसून पाऊस येणार, हे लहान मुलाच्याही स्मरणात राहते. प्राण्यामुळे आकड्याला चेहरा मिळतो. अक्षरओळख नसलेल्या माणसाला या चेहऱ्याच्या आधाराने वर्षभराचे कोष्टक तोंडपाठ ठेवता येते. पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ आणि पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणणाऱ्या शेतकऱ्यांनी काळ असाच माणसाळवला होता. हस्ताच्या पावसाला लोक ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात, आणि त्याच दिवसांत पाटावर हत्ती मांडून त्याभोवती मुली भोंडल्याचा फेर धरतात.

४/
आबांची पहिली वही १९७२च्या दुष्काळानंतर काही वर्षांनी सुरू झाली. तिच्यामागे एक नुकसान आहे. त्या वर्षी पंचांगात मृगाचे वाहन हत्ती होते. तरुण आबांनी पाऊस येण्याआधीच कोरड्या रानात बाजरीची धूळपेरणी केली. एक सर आली, बाजरी उगवली, आणि मग आभाळ पाठ फिरवून बसले. कोवळे मोड उन्हात करपले. दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी त्यांच्या पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या, आणि त्या परत आल्या नाहीत.

त्या माउलीने त्याबद्दल कधी बोल लावला नाही. पुढच्या मे महिन्यात बाजारातून एक वही आणून तिने नवऱ्याच्या हाती दिली आणि एवढेच म्हटले, “पंचांग काय म्हणतं ते लिहा, अन् पाऊस काय म्हणतो तेबी लिहा.” तेव्हापासून चौथा रकाना भरला जातो आहे. त्यात मिलिमीटर नाहीत. ‘ओल चार बोटं’, ‘ओल एक वीत’, ‘नाला वाहिला’, ‘नुसता वारा’ अशा नोंदी आहेत. पेरणी मात्र तेव्हापासून वाहनावर होत नाही. मूठभर माती दाबून पाहायची, ढेकूळ टिकले तरच तिफण जुंपायची.

५/
गेल्या वर्षी या घरात प्राण्याचा प्रश्न निराळ्या वाटेने आला. आबांची नात मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात माल तपासणीच्या कामावर आहे. तिला एक स्थळ आले. मुलगा-मुलगी बोलली, मनाजोगते झाले, दोन्ही घरी चहापोहे झाले. मग पत्रिका गेल्या, आणि आठ दिवसांनी निरोप आला : योनी जुळत नाही, मुलाची मांजर, मुलीची उंदीर.

पत्रिका जुळवताना आठ कूटांचे छत्तीस गुण मोजतात, त्यांपैकी योनीकूटाचे चार. यासाठी अभिजित धरून अठ्ठावीस नक्षत्रे चौदा प्राण्यांत दोन-दोन अशी वाटलेली आहेत. चौदा प्राण्यांच्या सात वैरजोड्या आहेत : गाय-वाघ, घोडा-म्हैस, हत्ती-सिंह, कुत्रा-हरीण, साप-मुंगूस, माकड-मेंढा आणि मांजर-उंदीर. वैरजोडीला शून्य गुण. मुलाचे जन्मनक्षत्र पुनर्वसू, म्हणून मांजर. मुलीचे मघा, म्हणून उंदीर.

छत्तिसांतले चार गेले तरी बत्तीस उरतात, आणि रूढीने अठरा गुण पुरेसे मानले जातात. पण चाराच्या आकड्याने कोणी घाबरत नाही. मांजर उंदराला खाते हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले की बाकीचे गुण दिसेनासे होतात. स्मरणाला मदत करणारा चेहरा येथे भीतीच्या कामी आला.

६/
मुलगी २००३च्या सिंहस्थात जन्मलेली. नाशिक जिल्ह्याला सिंहस्थ समजावण्याची गरज नाही, तरी त्यामागचे गणित पाहण्याजोगे आहे. गुरू ग्रह सूर्याभोवती सुमारे ११.८६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे एका राशीत साधारण वर्षभर राहतो. तो सिंह राशीत आला की गोदाकाठी सिंहस्थ भरतो. २००३ आणि २०१५ हे सिंहस्थ सध्याच्या तरुण पिढीने पाहिले आहेत.

गंमत अशी की मघा हे अख्खे नक्षत्र सिंह राशीतच येते. म्हणजे एकाच जन्मक्षणाने ही मुलगी राशीने सिंह ठरते आणि योनीने उंदीर. स्थळाकडच्यांनी सिंहाची दखल घेतली नाही. असा पेच एकट्या मघेचा नाही. मृग नक्षत्राचे नाव हरणाचे आहे, त्याची योनी सर्पाची आहे आणि पावसाळ्यातले त्याचे वाहन दर वर्षी वेगळे असते.

७/
हीच मुलगी चीनमध्ये जन्मली असती तर तिला तिसरा प्राणी मिळाला असता. चिनी गणनेतही बाराचे चक्र आहे. तेथील प्राचीन ज्योतिर्विदांनी गुरूला ‘वर्षतारा’ असे नाव देऊन आकाशाचे बारा भाग कल्पिले होते. काल मोजण्याच्या त्यांच्या बारा चिन्हांना पुढे प्राणी जोडले गेले : उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर. ही बारा चिन्हे आणि दुसरी दहा चिन्हे यांच्या जोड्या लावत गेले की साठ वर्षांचे आवर्तन होते. आपल्या प्रभव, विभव इत्यादी संवत्सरांचे चक्रही साठाचेच आहे. तेथे बारा आणि दहा यांचा लघुतम साधारण विभाज्य साठ येतो, येथे गुरूच्या बारा वर्षांच्या पाच फेऱ्या साठ भरतात.

२००३ हे चिनी गणनेने मेंढीचे वर्ष होते. मेंढीच्या वर्षी जन्मलेल्यांच्या, विशेषतः मुलींच्या नशिबी कष्ट असतात, असा समज चीनच्या काही भागांत आजही आढळतो. म्हणजे सिन्नरला उंदीर म्हणून नाकारली गेलेली मुलगी तेथे मेंढी म्हणून नाकारली जाऊ शकली असती.

८/
या बारा प्राण्यांचा एक अतिशय जुना लेखी पुरावा १९७५मध्ये हाती आला. हुबेई प्रांतात श्वेहूदी येथे छिन राजवटीतील एका अधिकाऱ्याच्या थडग्यात अकराशेहून अधिक बांबूच्या पट्ट्या सापडल्या. थडगे इसवी सनपूर्व २१७च्या सुमाराचे. बहुतेक पट्ट्या कायद्याच्या आहेत. काही मात्र आपल्या मुहूर्तग्रंथांशी नाते सांगणाऱ्या ‘दिवसांच्या पुस्तका’च्या आहेत.

त्यातील प्राण्यांचे काम वाचून आश्चर्य वाटते. ते चोर ओळखण्यासाठी आहेत! चोरी ज्या दिवशी झाली त्या दिवसाच्या प्राण्यावरून चोराचे वर्णन केले आहे. उंदराच्या दिवशी चोरी झाली असेल तर चोर निमुळत्या तोंडाचा आणि विरळ मिशांचा. यादीही अजून पक्की झालेली नव्हती. आज ज्या चिन्हाला घोडा आहे, तेथे या पट्ट्यांत हरीण आहे.

प्राणी दिवसाचा होता, आणि त्याच्यावरून माणसाचा चेहरा कल्पिला गेला. ‘उंदराचा दिवस’ आणि ‘उंदरासारखा माणूस’ यांत एकच पाऊल आहे, आणि ते बावीसशे वर्षांपूर्वीच टाकले गेले होते.

९/
या पावलाला हटकणाराही लवकरच भेटला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात वांग छुंग नावाचा एक विचारवंत होऊन गेला. त्याच्या ‘लुनहंग’ या ग्रंथात या प्राण्यांची जवळजवळ संपूर्ण यादी येते, पण ती त्यांची खोड काढण्यासाठी. उंदराचे तत्त्व जल आणि घोड्याचे अग्नी असे ज्योतिषी सांगत. जल अग्नीला विझवते, तर मग उंदीर घोड्याचा पाठलाग का करीत नाही, असे तो विचारतो. कोंबड्याचे तत्त्व धातू, सशाचे काष्ठ. धातू काष्ठाला कापतो, मग कोंबडा सशाला टोचून का मारत नाही?

मांजर-उंदीर या वैरजोडीत निदान निसर्गाचे निरीक्षण तरी आहे. पण घरातल्या मांजराचे वैर नक्षत्रावरून नवरा-बायकोच्या संसारात कसे उतरते, हे वांग छुंगने येथेही विचारले असते.

१०/
हा प्रश्न न विचारण्याची किंमत जपानमध्ये आकड्यांत मोजता येते. साठ वर्षांच्या चक्रात एकदा अग्नी तत्त्वाच्या घोड्याचे वर्ष येते. त्या वर्षी जन्मलेली मुलगी उग्र स्वभावाची आणि नवऱ्याच्या जिवावर उठणारी असते, असा तेथे समज होता. १९६६ हे असे वर्ष होते. १९६५मध्ये जपानमध्ये सुमारे १८ लाख २० हजार बालके जन्मली. १९६६मध्ये ही संख्या १३ लाख ६० हजारांवर आली, आणि १९६७मध्ये पुन्हा १९ लाखांच्या पुढे गेली.

तेव्हाचा जपान मागासलेला नव्हता. टोकियो ऑलिंपिक १९६४मध्ये झाले होते आणि अतिवेगवान रेल्वे त्याच वर्षी धावू लागली होती. तरीही एका प्राण्याच्या नावाने साडेचार लाखांहून अधिक बालकांचा फरक पडला. मुलीचे पुढे लग्न जमणार नाही, ही भीती त्यामागे होती. साठ वर्षांनी, २०२६मध्ये, तेच अग्नी-घोड्याचे वर्ष पुन्हा आले.

११/
प्राणी ही कालगणनेची गरज आहे का? याचे उत्तर सिन्नरहून फार दूर नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे पांडवलेण्यांत, गौतमीपुत्र सातकर्णीचा एक लेख आहे. त्याची तिथी राज्यवर्ष अठरावे, वर्षाऋतूचा दुसरा पक्ष, दिवस पहिला अशी दिलेली आहे. ना रास, ना योनी, ना वाहन. ऋतू, पंधरवडा, दिवस एवढ्यावर राज्याचा कारभार चालला होता. त्या काळच्या लेखकालाही पावसाळा हाच काल मोजण्याचा मोठा टप्पा वाटला, ही गोष्ट या मातीला साजेशी आहे.

वेदांगज्योतिषात नक्षत्रे आहेत, पण मेष-वृषभादी बारा राशी नाहीत. त्या बाबिलोनमध्ये घडल्या आणि ग्रीकांच्या मार्फत इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत भारतीय ज्योतिषात स्थिरावल्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या ज्योतिषाच्या या थरांचा पहिला मोठा मराठी शोध शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासग्रंथात घेतला. पंचांग हे एका दिवसात उतरलेले शास्त्र नाही. अनेक काळांच्या आणि देशांच्या रिती त्यात एकमेकींशेजारी नांदतात. म्हणूनच एक मुलगी त्यात एकाच वेळी सिंह आणि उंदीर असू शकते.

१२/
खुणांवरून भाकीत करण्यात मुळात काही वावगे नाही. भारतीय हवामान विभागाने मोसमी पावसाचे पहिले अधिकृत दीर्घकालीन भाकीत १८८६मध्ये वर्तवले, तेव्हा हिमालयातील बर्फ ही मुख्य खूण होती. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८मध्ये सोळा घटकांचे प्रारूप वापरात आणले. ते कित्येक वर्षे चालले, पण २००२च्या दुष्काळाचा अंदाज त्याला देता आला नाही, आणि २००३पासून नवी प्रारूपे आली.

चुकलेली खूण टाकून देता येणे, एवढाच काय तो फरक. त्यासाठी भाकितासमोर चौथा रकाना असावा लागतो. योनीकूटाच्या कोष्टकाला तसा रकानाच नाही. मांजर-उंदराचे किती संसार सुखाचे झाले, याची वही कोणी ठेवलेली नाही.

१३/
निरोप आला त्या रात्री नातीने आबांच्या वह्या खाली काढल्या. कारखान्यात मालाचा बरा-वाईट हिशेब ठेवते, तशा तिने कागदावर नऊ प्राण्यांच्या नऊ ओळी आखल्या आणि प्रत्येक वर्षाची नोंद आपापल्या ओळीत टाकत गेली. हत्तीच्या ओळीत ‘नाला वाहिला’ होते आणि ‘नुसता वारा’ही होते. कोल्ह्याच्या ओळीत ‘ओल एक वीत’ सापडली. उंदराच्या ओळीत सगळेच होते. आबा शेजारी बसून पाहत होते. त्यांना हे ठाऊक होते, पण असे एका कागदावर त्यांनीही कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील भेटायला आले. नकार समोर येऊन सांगण्याइतके ते भले होते. आबांनी त्यांना चहा दिला, वही पुढे केली आणि मघा नक्षत्राच्या नोंदींवर बोट फिरवले.

“पाव्हणं, हे बघा. औंदा मघाचं वाहन एक, पुढल्या साली दुसरं. दरसाली बदलतं. नक्षत्राला मोकळीक हाये. मग मघावर जल्मलेल्या पोरीनं जल्मभर उंदीरच राहायचं, हे कोणच्या पंचांगात बसतं?”

पाहुण्यांनी वही बराच वेळ चाळली. ते स्वतः शेतकरीच होते. करपलेल्या पेरणीच्या नोंदीपाशी त्यांचे बोट थांबले. “आमचीबी त्याच साली गेली होती,” एवढेच ते बोलले. जाताना त्यांनी होकार दिला नाही आणि नकारही पुन्हा उच्चारला नाही.

१४/
सिन्नरच्या गोंदेश्वराला गेलेल्यांनी तेथील रचना पाहिली असेल. यादवकाळातील हे भूमिज शैलीचे पंचायतन : मध्ये शिव, भोवती चार लहान देवळे, त्यांपैकी एक गणेशाचे. पंचांगाने लग्नाच्या कामी नाकारलेला उंदीर गणपतीने वाहन म्हणून पत्करला आहे. वाहनाचे काम बसणाऱ्याला वाहून नेण्याचे. त्यावरून बसणाऱ्याची जात कोणी ठरवीत नाही.

यंदाच्या वहीत अक्षर बदलले आहे. आबांची नजर आता साथ देत नाही, म्हणून नोंदी नात करते. तिने रकान्यांचा क्रमही बदलला आहे : आधी तारीख, मग मातीची ओल, आणि वाहन सर्वांत शेवटी. मघा नक्षत्राची ओळ आखून तयार आहे. ऑगस्टच्या मध्यावर सूर्य तेथे पोहोचला की ती भरली जाईल. स्थळाकडून अजून निरोप आलेला नाही. मुलाचा फोन मात्र अधूनमधून येतो. परवा त्याने विचारले, “तुमच्याकडं ओल किती?” तिने सांगितले, “चार बोटं.”